खोडाकडे बघून झाड निवडा

दसरा झाला, दिवाळीचे चार दिवस सरले, की आपल्या पाटोदा तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी सगळा संसार ट्रॅक्टरवर बांधून कारखान्याची वाट धरतात. दाराला कुलूप लागते. मागे राहतात ती म्हातारी माणसे, शाळेत जाणारी पोरे आणि अंगणातली झाडे. गुढीपाडव्याच्या आगेमागे माणसे परत येतात, तोवर तुळशीच्या काड्या झालेल्या असतात, जास्वंद वाळून कोळ झालेली असते आणि शाळेच्या कुंपणालगत जुलैत लावलेल्या रोपांचे नुसते खड्डे उरलेले असतात. पुन्हा मृग आला की पुन्हा तीच रोपे, तेच खड्डे, तेच फोटो.

वाचकहो, दरवर्षी असे का होते? कारण आपण झाड निवडतो ते पावसाळ्यात, आणि पान व फूल बघून. ते झाड पौष-माघात कसे दिसेल, त्याला पाणी कोण घालेल, हे आपण विचारतच नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, ज्या तालुक्यातली निम्मी कर्ती माणसे हिवाळाभर बाहेर असतात आणि जिथे पाणी मोजून वापरावे लागते, तिथे अंगणातले व शाळेतले झाड पान-फुलावरून नव्हे, तर खोडावरून निवडले पाहिजे. जे झाड पान गाळूनही देखणे दिसते, तेच आपले खरे हिवाळी झाड.

कोणी म्हणेल, खोडात काय बघायचे? तर बघण्यासारखे पुष्कळ आहे, आणि जगात लोक त्यासाठी बागा करतात.

साहेबाच्या देशातली हिवाळी बाग

इंग्लंड आणि युरोपच्या उत्तर भागात हिवाळा मोठा कडक. चार-पाच महिने झाडांवर पान नसते, आभाळ सदा कुंद. तिथल्या लोकांनी यावर एक उपाय काढला. डॉगवूड नावाची झुडपे ते लावतात. पाने गळाली की या झुडपांच्या काड्या लालभडक दिसतात, काही जातींच्या पिवळ्या, काहींच्या हिरव्या. विलोच्या काही जातीही अशाच रंगीत काड्यांसाठी लावतात. कोवळ्या काडीचा रंग जास्त गडद असतो, म्हणून हिवाळा संपता संपता ही झुडपे जमिनीलगत छाटतात. मग नवीन फुटवे येतात आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा रंग चढतो.

त्यातली एक गोष्ट तर आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. केंब्रिजजवळ अँग्लसी ॲबी नावाची जुनी वास्तू आहे. तिथे १९९८ मध्ये खास हिवाळ्यासाठी एक बाग खुली झाली. त्या बागेतली सगळ्यात नावाजलेली जागा कोणती? पांढऱ्याशुभ्र खोडांच्या बर्च झाडांची राई. आणि ही बर्च मूळची कुठली? आपल्या हिमालयातली! ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, त्या भूर्जवृक्षाचाच हा एक प्रकार. हिमालयातले झाड नुसत्या पांढऱ्या खोडासाठी सातासमुद्रापार नेऊन लोक जिवापाड जपतात. आणि आपल्या कोरड्या डोंगरांवर तितक्याच पांढऱ्या खोडाचा कांडोळ उभा असतो, त्याला आपण भुताचे झाड म्हणून नावे ठेवतो.

आता डॉगवूड पाटोद्यात आणून लावा, असे मी मुळीच सांगत नाही. ते थंड आणि ओलसर मुलखातले झुडूप आहे, आपल्या मुरमाड जमिनीत आणि मे महिन्याच्या उन्हात त्याचा निभाव लागणार नाही. रोप आणायचे नाही, रीत तेवढी उचलायची. हिवाळ्यात डोळ्याला काय दिसेल याचा आधी विचार करून झाड लावायचे, एवढीच ती रीत.

आपली पानगळ वेगळी

तिकडे पान गळते थंडीमुळे, आपल्याकडे गळते ते पाण्याच्या काटकसरीमुळे. पाऊस थांबला, जमिनीतली ओल खाली गेली, की डोंगरातले शहाणे झाड पाने टाकून देते. पाने म्हणजे पाणी उडण्याची दारे, ती दारेच बंद. काही झाडे तर याच्याही पुढे जातात. पान नसले तरी त्यांच्या सालीतला हिरवा थर उन्हात अन्न तयार करीत राहतो. सालईची वरची कागदासारखी साल हलकेच सोलून बघा, आत हिरवट थर दिसेल. नेपतीला तर पाने जवळजवळ नसतातच, तिच्या हिरव्या काड्याच पानाचे काम करतात. म्हणजे या झाडांच्या खोडाचा रंग हा नुसता दिखावा नाही, दुष्काळात तग धरण्याची ती युक्ती आहे.

आपल्या मुलखाच्या रंगपेटीत काय काय आहे, ते एकदा मांडून बघू.

पांढरा रंग कांडोळाचा. साल पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि खाली गुळगुळीत पांढरे खोड दिसते. सकाळच्या तिरप्या उन्हात किंवा चांदण्यात ते लांबून उजळते. याचाच डिंक कडाया म्हणून बाजारात जातो आणि औषधात व खाद्यपदार्थांत वापरला जातो.

राखी-हिरवट रंग सालईचा. कागदासारखी सुटणारी साल, वासाचा डिंक. देवापुढे जो धूप जाळतो, त्यात हिचा डिंक असतो. हिवाळ्यापासून थेट पावसाळ्याच्या तोंडापर्यंत हे झाड पानाविना उभे असते.

फिकट पिवळसर-पांढरा रंग हिवराचा. बांधावरचा हिवर आपण रोज बघतो, पण त्याच्या कोवळ्या खोडाकडे बघत नाही. शास्त्रीय नावातच त्याला पांढऱ्या सालीचा म्हटले आहे.

हिरवा रंग नेपतीचा आणि हिंगणबेटाचा. दोन्ही काटेरी, दोन्ही कोरडवाहू, दोन्ही कुंपणाला उत्तम. नेपतीला उन्हाळ्याच्या तोंडावर विटकरी-लाल फुले येतात आणि तिच्या कोवळ्या फळांचे लोणचे होते.

रुपेरी-करडा रंग देवचाफ्याचा. देवळापुढचा चाफा हिवाळ्यात सगळी पाने टाकतो, तेव्हा त्याची जाडजूड, वेडीवाकडी वळलेली फांदी एखाद्या शिल्पासारखी दिसते. पाणी तो आपल्या खोडातच साठवतो.

सोनेरी रंग पिवळ्या बांबूचा, हिरव्या रेघांचा. याला मात्र पाणी लागते. कुठे लावायचा ते पुढे सांगतो.

आणि लाल-केशरी रंग हवाच असेल, तर शेराची एक रंगीत जात रोपवाटिकांतून ‘स्टिक्स ऑन फायर’ या नावाने विकली जाते. थंडी आणि कडक ऊन मिळाले की तिची शेंडे-टोके पिवळी, केशरी, लालसर होतात. आपल्या साध्या हिरव्या शेराचीच ती बहीण. हिच्याबाबत एक इशारा आहे, तोही पुढे देतो.

एक फरक लक्षात ठेवा. इंग्लंडातल्या झुडपांचा रंग कोवळ्या काडीत असतो, म्हणून ते दरवर्षी छाटतात. शेराचे शेंडे सोडले, तर आपल्या बहुतेक झाडांची शोभा जुन्या खोडात, सुटणाऱ्या सालीत, वळलेल्या फांदीत असते. म्हणून इथे कोयता चालवायचा नाही, वय होऊ द्यायचे.

आपण करतो काय?

आता आपल्या गावातल्या सरकारी आवारांकडे या. कचेरी असो, शाळा असो, नाहीतर रस्त्याकडेचे हॉटेल. दुरांटाची पिवळी कुंपणे, क्रोटनच्या कुंड्या, चार फुटांची हिरवळ, आणि अलीकडे शहरांचे बघून आलेला कोनोकार्पस. दुरांटाची पिवळी फळे विषारी असतात, हे शाळेत लावणाऱ्याला कोणी सांगत नाही. कोनोकार्पसच्या लागवडीवर तर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली. आणि या सगळ्यांना पाणी किती? हापशावर घागरींची रांग आणि पलीकडे हिरवळीवर पाइप, हे चित्र कोणत्या गावाने बघितलेले नाही?

वृक्षलागवडीचे आकडे आपल्याला पाठ आहेत. राज्यात २०१६ साली २ कोटी झाडांचा संकल्प झाला, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. संकल्पाला नावे ठेवायचे कारण नाही. पण गावपातळीवर काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट रोज दिसते. जुलैत झाड लावायला सगळे गाव असते, जानेवारीत पाणी घालायला कोणी नसते. मग जानेवारीत ज्याला कमी पाणी लागेल, तेच झाड जुलैत का लावू नये?

पाण्याचे म्हणाल तर आपल्याला वेगळे सांगायला नको. मांजरा नदी आपल्याच तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते. त्याच मांजरेवरचे धनेगावचे धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. १९७२ चा दुष्काळ आजोबांनी सांगितला, २०१२-१३ चा आणि २०१८ चा आपण स्वतः भोगला. नदीच्या उगमावर बसलेल्या लोकांनी दुरांट्याला टँकर लावावा, हे काही शोभत नाही.

“पोटाला नाही अन् बाग कसली?”

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो खरा आहे. घरधनी उसाच्या फडात, मागे म्हातारी दोन शेळ्या सांभाळते. तिला तुम्ही शोभेची झाडे सांगता?

माझे उत्तर असे की, शोभेचे आणि उपयोगाचे अशी भिंत या झाडांत नाहीच. सालईचा धूप, कांडोळाचा डिंक, नेपतीचे लोणचे, हिवराच्या शेंगा आणि पाला शेळ्यांना, बांबूच्या काठ्या घराला. या झाडांनी आपल्या पूर्वजांचे घर चालवले आहे. शोभा त्यांनी फुकट दिली, आपण ती बघितली नाही, एवढेच.

दुसरे असे की, शोभा ही काही पैसेवाल्याचीच गरज नाही. आईबाप कारखान्यावर गेलेली पोरे गावात आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. पाच-सहा महिने त्यांचे जग म्हणजे शाळा आणि शाळेचे आवार. त्या आवारात नुसते खड्डे आणि वाळक्या काड्या असाव्यात, की सकाळच्या उन्हात चमकणारी खोडे आणि माघ-फाल्गुनात फुलणारा पांगारा असावा? पांगारा फुलला की मैना, बुलबुल, कावळे सगळे त्यावर येतात. पोरांना पाखरे मोजायला झाड मिळते. आईची वाट बघण्याच्या दिवसांत हेही थोडे नव्हे.

तिसरा आक्षेप जुन्या माणसांचा. “पान नसलेलं झाड दारात नको, उघडंबोडकं दिसतं, अशुभ असतं.” अहो, देवळापुढचा चाफा वर्षातले काही महिने उघडाबोडकाच असतो, त्याला कोणी अशुभ म्हणते का? उलट त्याच्याखाली आपण चपला काढतो. श्रावणात सौताड्याला रामेश्वराच्या दर्शनाला आणि धबधब्याला आपण गर्दी करतो. तशी एक चक्कर पौषातही डोंगराला मारून या आणि पान नसलेल्या झाडांकडे उगवतीच्या वेळी उभे राहून बघा. मग बोला.

कुठे काय लावावे?

अंगणात देवचाफा लावा. मे महिन्यात हातभर लांबीची, अंगठ्यापेक्षा जाड फांदी काढा. आठवडाभर सावलीत ठेवून कापलेली बाजू सुकू द्या. मग चांगल्या निचऱ्याच्या जागी लावा. लगेच लावली आणि पाणी साचले, तर फांदी सडते. चाफा मरतो तो बहुधा जास्त पाण्याने, कमी पाण्याने क्वचितच.

शाळेत पांगारा आणि सालई. दोन्ही झाडे फांदीपासून येतात. पालवी फुटण्याच्या आधी मनगटाएवढी, चार-पाच फूट लांब फांदी काढा. पहिला चांगला पाऊस झाला की दीड फूट खोल गाडून भोवती माती घट्ट दाबा. फांदी हलता कामा नये. हलली की नवी मुळी तुटते. पांगाऱ्याला काटे असतात, म्हणून तो खेळाच्या मैदानात न लावता कडेला लावा.

शाळेच्या किंवा घराच्या सांडपाण्याच्या टोकाला पिवळा बांबू. हात-पाय धुतलेले, भांडी घासलेले पाणी नाहीतरी गटार करते आणि डास वाढवते. तिथे खड्डा घेऊन बांबूचा कंद किंवा दोन-तीन पेरांचा तुकडा लावा. पाण्याची विल्हेवाट लागते आणि सोनेरी बेट तयार होते. सांडपाणी नसेल तिथे बांबूचा हट्ट धरू नका.

कुंपणाला नेपती, हिंगणबेट, हिवर. पिकलेल्या ताज्या फळांचे, शेंगांचे बी पावसाच्या तोंडावर थेट जागेवर टोका. नेपती वाढायला सावकाश, पण एकदा रुजली की मुळांपासून फुटवे काढून पसरते.

गायरानात, शाळेमागच्या माळावर कांडोळ. बी उन्हाळ्यात तयार होते. फळाचा आकार पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखा असतो आणि त्यावर बारीक टोचणारे केस असतात, ते कातडीला लागले की आग होते. म्हणून फळे हातमोजे घालून किंवा काठीने झोडून गोळा करा, आणि हे झाड वर्गाच्या दारात लावू नका. बी ताजे असतानाच, रात्रभर भिजवून पेरा. रोपाचे मूळ गाजरासारखे जाड होऊन खोल जाते, म्हणून छोट्या पिशवीत कोंडू नका. उंच पिशवी घ्या किंवा थेट जागेवर लावा.

आता शेराचा इशारा. साधा असो की रंगीत, शेराचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते आणि काही काळ दिसेनासेही होते. शाळेत, अंगणवाडीत, लहान पोरे असलेल्या अंगणात शेर लावूच नये. शेताच्या बांधाला लावायचा तर काम करताना डोळे जपा. चीक गेलाच तर भरपूर पाण्याने डोळे धुऊन तडक दवाखाना गाठा.

पहिला हिवाळा सांभाळा

या झाडांना पाणी कमी लागते याचा अर्थ अजिबात लागत नाही असा नव्हे. पहिला हिवाळा आणि पहिला उन्हाळा, एवढे त्यांना सांभाळावे लागते. त्यासाठी टँकर नको. रोपाशेजारी एक जुने मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरा, बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात कापडाची वात घाला आणि तोंडावर खापरी ठेवा. आठवड्यातून एकदा मडके भरले की बस. आळ्यात वाळले गवत किंवा भुसकट पसरा, भोवती दगडांचे कडे करा. हे काम आजीला जमते, चौथीतल्या पोरालाही जमते. चाफ्याला मात्र मडके नको, त्याला पंधरा दिवसांनी तांब्याभर पाणी पुरे. शेळ्यांपासून राखण म्हणून बाभळीच्या काट्यांची एक वई घाला. दोन वर्षांनी झाड आपल्या पायावर उभे राहते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ही झाडे जंगलातून उपटून आणू नका. आपल्या तालुक्यात १९९४ मध्ये घोषित झालेले नायगाव मयूर अभयारण्य आहे. तिथले रोप काय, काडीही हलवायची नाही. बी आणि फांद्या आणायच्या त्या आपल्या बांधावरच्या, गावातल्या झाडांच्या, मालकाला विचारून. कांडोळ-सालईला डिंकासाठी खोल घाव घालून झाड मारायचे, हेही थांबले पाहिजे. घाव जितका खोल, तितके झाडाचे आयुष्य कमी.

उघड्या डोंगरावर झाडे उभी करायची हौस आपल्या जिल्ह्यात नाही असे नाही. बीडजवळ पालवणच्या डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने सह्याद्री देवराई उभी राहिली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे वृक्ष संमेलन भरले. आपल्या सीताफळालाही २०१६ मध्ये बीडच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. डोंगरातल्या, शेळ्यांनी न खाल्लेल्या एका रानफळाला जगात नाव मिळते, तर त्याच डोंगराच्या बाकीच्या झाडांना निदान शाळेच्या आवारात तरी जागा मिळायला हवी.

तेव्हा सरपंच, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या मंडळींना माझी विनंती आहे. येत्या पावसाळ्याची रोपे मागवण्याआधी यादी एकदा तपासा. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहा : ‘जानेवारीत हे कसे दिसेल आणि त्याला पाणी कोण घालील?’ उत्तर नसेल तर ते नाव खोडा. रोपवाटिकावाल्यांनाही सांगा की आम्हाला सालई द्या, कांडोळ द्या, नेपती द्या. मागणी नाही म्हणून ते रोप करीत नाहीत, आणि रोप नाही म्हणून आपण मागत नाही. हे चक्र कोणीतरी तोडलेच पाहिजे. शंभर झाडांचा आकडा नको. एका शाळेत पाच झाडे लावा, पण ती अशी लावा, की पाडव्याला ट्रॅक्टरवरून उतरणाऱ्या बाईला आपल्या लेकराने सांभाळलेले झाड उभे दिसावे.